मडक्यांची दुपार

भांडणाचं एक बरं असतं, फारच झालं तर माणसाला उठून जाता येतं. त्या दुपारी पचाऱ्यांच्या घराला तेवढीही सोय उरली नव्हती.

कोसमटोल्याच्या तलावाच्या पाळीवर पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला होता. मांडवात सहा मडकी, आणि प्रत्येक मडक्याशी एकेक माणूस मनगटापर्यंत हात बुडवून बसलेलं. हात सारखा हलता ठेवायचा, पाणी उचलायचं आणि सोडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते आणि आतलं बीज जगतं. बीज म्हणजे रोहू आणि कतल्याची पिल्लं, जिऱ्याएवढी, डोळे तेवढे दिसणारी. कलकत्त्याहून नागपूर, नागपूरहून छोट्या गाडीनं सिंदेवाही आणि तिथून बैलगाडीनं गाव, असा प्रवास करून ती ऐन दुपारी येऊन टेकली होती. पाळीखाली त्यांच्यासाठी मोठा खड्डा खोदून त्यात तलावाचं पाणी घेतलं होतं. पण श्रावणात पावसानं उघडीप दिलेली, खड्ड्यातलं पाणी हाताला चांगलंच कढत लागत होतं. ते निवेपर्यंत, म्हणजे दिवस कलेपर्यंत, कोणाचा हात थांबून चालणार नव्हता. गावात धानाची रोवणी जोरात, त्यामुळे बाहेरचं माणूस मदतीला मिळायचं नाव नको. जे काय व्हायचं ते घरच्या घरातच होणार होतं.

सुगंधाबाई मधल्या मडक्याशी बसली होती. जन्मभर तिनं मासे विकले, पण ते मेलेले. टोपलीत एखादा हलला तर गिऱ्हाईक खूश होतं, एवढीच तिची जिवंत माशाशी ओळख. आता बोटांच्या मधून काहीतरी गुदगुल्या करत फिरत होतं आणि तिला ते मनापासून आवडत होतं. आवडतंय म्हणून ती स्वतःवर चिडलीही होती, कारण आजचा दिवस हसायचा नव्हता. मांडवाच्या मेढीला तिच्या धाकट्या भावाचं, गुणवंतरावाचं जाळं टांगलेलं होतं, आणि सकाळपासून घरातलं प्रत्येक माणूस त्या जाळ्याकडे न बघता वावरत होतं.

गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांमध्ये तलावाचा हक्क माणसावर नव्हता, जाळ्यावर होता. पोळ्यापासून पोळ्यापर्यंत एकदा तरी जाळं तलावाच्या पाण्यात भिजलं पाहिजे, आणि ज्याच्या हातानं भिजलं त्याला मासळीत वाटा. जाळं कोरडं राहिलं की वाटा गेला. तलाव मालगुजाराच्या मालकीचा होता तोवर तो हे मानायचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, आता तो ढिवरांच्या सोसायटीकडे आला, तरी मानणं सुटलं नाही. गुणवंतराव नोकरीला लागला तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावी यायचा, पँट गुडघ्यावर चढवायचा आणि बापानं विणलेलं जाळं एकदा फेकायचा. इतकं वाईट फेकायचा की पाळीवरच्या बाया पदर तोंडात धरून हसायच्या. पण जाळं भिजायचं. आणि त्या जाळ्याचा वाटा जायचा सुगंधाबाईच्या टोपलीत. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, आणि जाळं गुणवंताचं असलं तरी त्याच्यातलं जेवण तिचं होतं. कोणाच्या चुलीसमोर ताट घेऊन बसायची वेळ तिच्यावर आली नव्हती. यंदा उन्हाळ्यात गुणवंतराव आला नाही. पोळा तोंडावर आला आणि जाळं अजून कोरडंच होतं.

न येण्याचं कारण तिच्या उजव्या बाजूला बसलं होतं. ओकाम्पो साहेब फिलिपाइन्स देशातून आलेले, तिथे माशांच्या शेतीची शाळा चालवणारे, आणि उन्हाळ्यापासून चांदा जिल्ह्यातले तलाव बघत हिंडणारे. गुणवंतराव त्यांच्याबरोबर सावलीसारखा. ठेंगणे, सावळे, केसांना तेल लावलेले हे साहेब सकाळी सुक्या झिंग्यांबरोबर भात हातानं कालवून जेवले, तेव्हा तिच्या आईनं, म्हाताऱ्या रुखमाबाईनं त्यांना पास करून टाकलं. “हा तं आपल्यातलाच दिसते,” ती थोरल्या सुनेला म्हणाली होती. “चमचा नाई मांगला त्यानं.”

साहेब हात हलवता हलवता आपली हकीकत सांगत होते आणि गुणवंतराव ती मराठीत उतरवत होता. गुणवंतराव आधी नवरगावच्या शाळेत मास्तर होता. मासेमारी खात्यात जाऊन साहेब झाला तरी मास्तरकी अंगातून गेली नव्हती. कोणतीही गोष्ट तो दुसरीच्या वर्गाला सांगावी तशी दोनदा सांगायचा. त्यामुळे ओकाम्पो साहेबांचं आयुष्य त्या मांडवात दोनदा घडलं. जन्म एका बेटावरचा, वडील दुसऱ्याच्या मासळीतळ्यावर राबणारे. साहेब शिकले, मास्तर झाले, झावळ्यांच्या छपराखाली पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवू लागले. मग लढाई आली, जपानी आले, शाळा बंद पडली, तळ्यांचे बांध फुटले. लढाई संपल्यावर साहेबांच्या मनानं घेतलं की पोरांना पाटीच्या आधी खायला दिलं पाहिजे, आणि त्यांनी शाळेमागच्या चिखलात तळं खोदलं. त्या तळ्याची पुढे मोठी शाळा झाली आणि साहेब अख्ख्या प्रांताच्या तळ्यांचे मुख्य झाले. तरी अजून आपलं मडकं स्वतःच हलवतात. त्यांच्याकडेही बीज असंच मडक्यातून नेतात.

“साहेब म्हणतात,” गुणवंतराव म्हणाला, “उन्हानं बीज मरत नाही, माणसाच्या कंटाळ्यानं मरतं. दुपार लांबली की कोणीतरी उठतंच.”

पावसाळा सरला की गुणवंतराव दोन वर्षांसाठी त्यांच्या शाळेत जाणार होता, शिकायला आणि शिकवायलाही. घरात ह्याचं कौतुक होतं आणि घोरही होता. आणि जाळ्याचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या जिभेवर होता. तो शेवटी थोरल्या भावानं, भैयाजीनं काढला.

“सोसायटीत सरकारी मानूस चालत नाई, हे तूच वाचून दाखवलं ना,” भैयाजी मडक्यातून नजर न काढता म्हणाला. “तू इथी राह्यला अस्ता तरी वाटा गेलाच होता. आता तं तू समिंदरापलीकडं चालला. जाळं मी भिजवतो. आजच. पत्रूच्या नावानं.”

पत्रू हा भैयाजीचा पोरगा, चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला. सुगंधाबाई म्हणाली, की पत्रू तर खाणीत आहे. भैयाजी म्हणाला, आज आहे, उद्या येईल. ती म्हणाली, मग उद्या आल्यावर बघू. हे सगळं हळू आवाजात, हात हलवत. कोणी तावातावानं बोलू लागलं की त्याचा हात जोरात चालायचा आणि मडक्यातलं पाणी बाहेर उडायचं, मग गुणवंतराव लगेच ‘हळू, हळू’ करायचा.

तिनं गुणवंताकडे पाहिलं. तो बोलेल असं तिला वाटत होतं. ह्याला शिकवायला म्हणून ती नवऱ्याच्या घरून टोपली घेऊन सिंदेवाहीच्या बाजारात बसत होती, हे त्याला ठाऊक होतं. गुणवंतराव मडक्यात बघत म्हणाला, “भाऊ म्हणतो ते नियमात बसते, बाई.”

म्हणजे त्यानं तिला साहेबाच्या आवाजात उत्तर दिलं. भैयाजीचा तिला तेवढा राग आला नव्हता. भैयाजीला जे हवं होतं ते तो तोंडावर मागत होता. हा मात्र देऊन टाकत होता, आणि देताना हातसुद्धा थांबवत नव्हता.

“माय, तू सांग,” ती आईला म्हणाली.

रुखमाबाईनं आपल्या मडक्यातलं पाणी दोनदा उचलून सोडलं. “मी का सांगू. जाळं गड्याच्या हातचं असते. बाईच्या हातचं जाळं या तलावानं कधी पाह्यलं नाई.”

झालं. आई थोरल्याच्या बाजूला गेली. सुगंधाबाईला हे नवीन नव्हतं. गुणवंतरावाला बहुधा स्वतःचीच लाज वाटली असावी. त्यानं मध्येच सुचवलं की दोन वर्षं जाळं तसंच खुंटीवर राहू द्यावं, तो परत आल्यावर बघता येईल. हे ऐकून भैयाजी जो भडकला तो सगळ्यांच्या अंदाजापलीकडचा होता. आता नियम सोयीचा नाही का राहिला, असं त्यानं विचारलं. गावात राहून तलाव राखायचा आम्ही, आणि हुकूम चांद्याहून सुटणार. बोलता बोलता त्यानं हात पाण्यातून काढला आणि धोतराला पुसला.

“माही रोवणी खोळंबून राह्यली,” तो म्हणाला. “हालवा तुमचे मडके.” आणि पाळ उतरून बांधानं चालू लागला.

 मडकं ओसाड पडलेलं सगळ्यांना दिसत होतं. सुगंधाबाई सरकून मध्ये बसली आणि डावा हात भैयाजीच्या मडक्यात घातला. दोन्ही हात गुंतले. घामाचा थेंब नाकावर आला तरी पुसायची सोय नाही. त्या अवस्थेत तिला पुढचं ऐकावं लागलं.

बोलली आशाबाई, भैयाजीची बायको. नवरा पाळ उतरून गेल्यावर तिला कंठ फुटला होता. ती गुणवंतरावाला समजावत होती की भाऊजी, वाटा पत्रूच्या नावानं नकोच, बाईंचाच राहू द्या. सुगंधाबाईला क्षणभर खरंच बरं वाटलं. भावजयीशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं.

“तुमचे भाऊ वाटा घेतीन, पन मंग बाईचं खानं माह्या चुलीवर येईल ना,” आशाबाई सरळ म्हणाली. “आत्ताच म्हातारीचं हाय. दोघी-दोघीचं मी कसं करू? एका हातानं घेतलं अन् दुसऱ्यानं घातलं, त्यात आमाले का भेटलं?”

ती दुष्टपणानं बोलत नव्हती. घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब होता आणि तो बरोबर होता, म्हणूनच तो इतका लागला. सुगंधाबाईला वाटलं, आपण माणूस नाहीच, एक ताट आहोत, आज ह्या घरात, उद्या त्या घरात ठेवायचं. रुखमाबाईचा हात मडक्यात मंद झाला होता. म्हातारीनं मान वर केली नाही, पण ‘आत्ताच म्हातारीचं हाय’ हे तिनं ऐकलं होतं.

“मले जाळं नको,” सुगंधाबाई म्हणाली.

गुणवंतरावानं सुटकेचा श्वास टाकला. तिनं तो ऐकला.

“हे बीज खड्ड्यात सोडल्यावर त्याइले कोन राखन?” तिनं विचारलं.

त्यानं मास्तरासारखं सांगितलं. पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत खड्ड्यावर दिवसभर माणूस लागेल. कोंडा आणि ढेपेचा भुगा चारायचा, बेडूक काढायचे, बगळे हाकलायचे. पिल्लं वाढली की तलावात सोडायची आणि पुन्हा नवीन आणायची. सोसायटी त्याच्यासाठी एक चौकीदार ठेवेल.

“मी राखतो,” सुगंधाबाई म्हणाली.

“बाई, तसं नाई होत. चौकीदार म्हणजे...”

“बाई नको, असं तुह्या नियमात लिहून हाय?”

“लिहून नाई. पण कोणी ठेवत नाई.”

“तलावात माही जागा नाई, समजलं मले. तलाव जुना हाय. हा खड्डा तं तुमी काल खंदला. त्यात अजून कोनाचीच जागा नाई.” ती थांबली. दोन्ही दंड खांद्यापासून दुखत होते. “सायेब म्हनते ना, कोनीतरी उठतेच. भैयाजी उठला. तू तं दोन वर्षासाठी उठून चालला. इथी बसलं कोन हाय, पाह्य बरं.”

आणि तिनं दोन्ही हात मडक्यांतून बाहेर काढले.

मांडवात इतका वेळ चाललेला पाण्याचा आवाज एकदम कमी झाला. दोन मडक्यांतलं पाणी फिरत फिरत थांबलं. मग खालून पिल्लं वर येऊ लागली. आधी थोडी, मग सगळीच, दुधावर साय धरावी तशी, आणि प्रत्येकाचं बारीकसं तोंड हवेला लागलेलं. आशाबाई आपलं मडकं सोडून पुढे सरकली.

“बस तिथीच,” रुखमाबाई म्हणाली. सासूचा असा आवाज आशाबाईनं लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. ती जागच्या जागी बसली. म्हातारी तिच्याकडे बघतही नव्हती. “जड होतो ना आमी. मंग हालू नको.”

ओकाम्पो साहेबांचा डावा हात जवळच्या मडक्याकडे गेला होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला आणि आपल्या मडक्यात बघत राहिले.

“बाई, हात घाल. मरतीन ते,” गुणवंतराव म्हणाला. त्याचा साहेबाचा आवाज गेला होता.

“मरतीन,” ती म्हणाली.  हात आपले आपण पाण्यात जातील अशी तिला भीती वाटली, म्हणून तिनं ते पदरात गुंडाळून घट्ट धरले. तिला ती पिल्लं हवी होती. आयुष्यात इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि तीच ती मारत होती. “कोन राखन, सांग.”

“तू.”

“सायेबाले सांग. त्याइच्या भाषेत सांग.”

गुणवंतराव इंग्रजीत बोलला. एकदाच बोलला, दोनदा नाही. त्यातलं तिला फक्त आपलं नाव कळलं. धाकट्या भावाच्या तोंडून तिनं ते आधी कधी ऐकलं नव्हतं, घरात ती नुसती बाई होती. साहेबांनी मान हलवली आणि दोन शब्द बोलले.

“का म्हनते?”

“म्हणतात, आता हात घाला.”

तिनं कोपरापर्यंत हात घातले. किती वेळ ती पाणी उचलत आणि सोडत राहिली तिला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात नव्हते. हळूहळू साय फुटली, पिल्लं खाली गेली, बोटांना पुन्हा गुदगुल्या होऊ लागल्या. तळाशी मात्र पांढरा चिमूटभर गाळ राहिला. तो गाळ नव्हता, हे तिला समजत होतं. आपण मारले, असं तिनं मनात स्वच्छ म्हटलं आणि हात हलवत राहिली.

दिवस कलला. साहेबांनी खड्ड्यात पाय घालून पाणी पाहिलं, मग एकेक मडकं खाली नेऊन पाण्यावर तरंगत ठेवलं. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झाल्यावर मडकी कलती केली. पिल्लं आपणहून बाहेर गेली. जाताना काही दिसलं नाही, पाणी जरासं शहारलं एवढंच.

तेवढ्यात बगळे आले. संध्याकाळी तलावाच्या काठच्या झाडांवर बसायला ते रोजच येत, पण आज पाळीवर ओळीनं उतरले आणि खड्ड्याकडे माना वळवून उभे राहिले. सुगंधाबाईनं हाड-हाड केलं. ते दोन पावलं मागे सरले आणि पुन्हा उभे. तिनं इकडेतिकडे पाहिलं. खड्ड्याच्या चारी कोपऱ्यांना बांबू रोवलेले होतेच. ती मांडवात गेली, मेढीवरचं जाळं काढलं आणि घेऊन आली. कोणाला विचारलं नाही, कोणी अडवलंही नाही. आशाबाईनं मुकाट्यानं एक टोक धरलं, गुणवंतरावानं दुसरं. सुगंधाबाईनं पाण्यात उतरून जाळं सबंध खड्ड्यावर पसरलं आणि तीन कोपरे बांधले. चौथा बांधायचा राहिला होता. तिकडून जाळं ढिलं पडून पाण्यात लोंबलं.

भैयाजी रोवणीवरून परत आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पाळीवर उभा.

“जाळं भिजलं,” रुखमाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. म्हातारी मांडवाच्या तोंडाशी बसली होती, दुपारभर पाण्यात राहून पांढरा पडलेला हात पुढ्यात घेऊन.

“पानी तलावाचंच हाय,” ती म्हणाली. “पोळा अजून आला नाई. कोनाच्या हातानं भिजलं, थे सांगा मले.”

 सुगंधाबाईनं खाली पाहिलं तेव्हा तिला कळलं, आपल्याच हातानं. तिच्या डोक्यात फक्त बगळे होते. तिला वाटलं, आता भैयाजी ओरडेल, म्हणेल की हे जाळं फेकणं नव्हे, हे झाकण आहे, आणि त्याचं म्हणणं गावात टिकेलसुद्धा. दुपारी म्हातारीनंच तर बाईच्या हाताचं सांगितलं होतं.

भैयाजी पाळ उतरून खाली आला. चौथ्या कोपऱ्याशी उभा राहिला. जाळ्याची मोकळी दोरी त्यानं हातात घेतली. एक हिसका दिला असता तर जाळं ताणून वर आलं असतं आणि पाण्याला लागलं नसतं.

“माह्या मडक्यातले जगले का?” त्यानं विचारलं.

“थोडे मेले,” सुगंधाबाई म्हणाली. “तुह्यानं नाई. माह्यानं.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे.  मग दोरी न ओढता, जाळ्याचा झोल होता तसा पाण्यात ठेवून, त्यानं बांबूला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.